तिथी पाहून समुद्राकडे

मालवणला जायचं ठरलं की लोक आधी राहायची जागा शोधतात, मग रेल्वेचं आरक्षण बघतात. मी आधी कालनिर्णय उघडते. आपण तिथे असू तेव्हा कुठल्या तिथी येतात हे कळलं की अर्धी सहल आखून होते.

कोकणात भरतीची वेळ काढायची एक सोपी रीत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, पक्ष शुद्ध असो की वद्य. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरदुपारच्या आधी आणि मध्यरात्रीच्या आधी समुद्र काठोकाठ, तर पहाटे आणि संध्याकाळी पाचाच्या पुढेमागे तो लांब ओसरलेला. हा हिशेब मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण दिवस आखायला पुरतो. दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्तीत जास्त चढतं आणि जास्तीत जास्त मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी आणि प्रवाह मंद.

सिंधुदुर्ग जिल्ह्याला १२१ किलोमीटरचा किनारा आहे. देवगडपासून शिरोडा-रेडीपर्यंत पुळणी, खाड्या, कातळाची टोकं, पुन्हा पुळणी. येणारा पाहुणा यातलं फार थोडं बघतो. सकाळी दहाला सिंधुदुर्ग किल्ला, बाराला स्कूबा, तीनला त्सुनामी आयलंड, मध्ये कुठेतरी सुरमईची थाळी, असा बेत गाडीवाल्याच्या सोयीने ठरतो. या प्रत्येक गोष्टीत आनंद आहे आणि मी त्या सगळ्या केल्या आहेत. पण समुद्राच्या वेळेने केल्या तर त्याच गोष्टी कितीतरी पटींनी जास्त देतात, असं मला मनापासून वाटतं आणि ते भेटेल त्याला मी सांगत असते.

चालण्यापासून सुरुवात करते. तारकर्लीपासून देवबागच्या टोकापर्यंतची चाल पौर्णिमा किंवा अमावास्येच्या एकदोन दिवस पुढेमागे करावी, आणि ती पहाटे. ओहोटीने पुळण रुंद झालेली असते आणि पाण्यालगतची वाळू इतकी घट्ट बसते की पाऊल रुतत नाही. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला सुरूचं बन. सुरूच्या मागे माड, माडांच्या मागे घरं आणि घरांच्या मागे कर्ली नदी. देवबाग ही नदी आणि समुद्र यांच्यामध्ये उरलेली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं तर एका बाजूला लाटांचा आवाज येतो आणि दुसऱ्या बाजूला नदीतल्या होडीच्या वल्ह्याचा. उजाडायला लागतं ते नदीच्या बाजूने. त्या वेळी ओल्या वाळूत बारीक खेकडे बिळातून बाहेर येऊन वाळूतलं खाणं टिपत असतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती रचत जातात. तासाभरात सगळ्या पुळणीवर ठिपक्यांची रांगोळी होते. ती पुढच्या भरतीपर्यंतच टिकते. दहा वाजता येणाऱ्याला ती पुसायला आलेलं पाणी तेवढं दिसतं.

वाटेत रापण लागली तर पुढचा बेत खुशाल मोडावा. एका मोठ्या जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत अर्धवर्तुळात समुद्रात जाते आणि लांबवर दुसरं टोक किनाऱ्याला आणते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात. दोर ओढत, पावलं मागे टाकत, शेवटच्याने पुन्हा पुढे येत, दोन्ही रांगा हळूहळू जवळ येत जातात. कधी याला दोनेक तास लागतात. यात म्हातारे असतात, शाळेला जायच्या आधी आलेली पोरं असतात आणि बायका तर असतातच. मी कडेला उभी राहून बघत होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या एका आजीने वळून विचारलं, “खयसून इलंस गो?” मी पुणं म्हटलं. “मग नुसती बघतंस कित्या? दोराक हात लाय.”

मी रांगेत शिरले. ओला दोर तळहाताला कापत जातो, टाचा वाळूत रोवाव्या लागतात आणि लाट मागे जाते त्या क्षणी सगळा भार एकदम अंगावर येतो. लाट येताना ओढायचं, जाताना नुसतं धरून ठेवायचं, हे शेजारच्या माणसाकडे बघून कळतं. जाळं जवळ आलं तशा वरच्या ब्राह्मणी घारी खाली उतरल्या आणि कुरवांचा गलका वाढला. मधल्या पिशवीत बांगडे, तारले, पेडवे, थोडे मुडदुशे आणि पुष्कळ कुर्ल्या होत्या. ढीग लागले, टोपल्या भरल्या, तिथेच वाळूवर लिलाव झाला. रापणीत मिळकतीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. जो येऊन दोराला हात लावतो त्यालाही जेवणापुरते मासे देतात. आजीने पाच-सहा बांगडे माझ्या पुढ्यात टाकले. मी नको म्हणायला लागले तर म्हणाली, “ह्यो तुझो वाटो. नाय म्हणा नको.” मी उतरले होते त्या घरच्या वहिनींनी दुपारी त्याचं तिरफळं घालून तिखलं केलं.

ज्या साहसी खेळांच्या जाहिराती आपण बघतो त्यांतल्या कुठल्याही खेळापेक्षा रापण ओढणं मला मोठं वाटतं. अंग झिजतं, समुद्राचा जोर हातांना कळतो आणि आपण गावाच्या कामात क्षणभर का होईना, उपयोगी पडतो. ही पद्धत आता कमी होत चालली आहे. खोल पाण्यात पर्ससीन जाळी आणि प्रखर दिवे लावून होणाऱ्या मासेमारीने किनाऱ्यापर्यंत मासाच पोचत नाही, असं रापणकर सांगतात आणि यावरून या किनाऱ्यावर मोठे संघर्ष झाले आहेत. म्हणून रापण दिसली तर फोटो काढून पुढे जाऊ नये. विचारावं, हात लावावा.

देवबागच्या टोकाला कर्ली समुद्राला मिळते. संगमात वाळूचा एक उंचवटा आहे, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, कारण २००४ सालच्या त्सुनामीनंतर तो वर आला असं गावात सांगतात. जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंग हे सगळं इथे चालतं. पोरांना मजा येते, मोठ्यांनाही येते. इथे फक्त एवढं बघायचं की ओहोटी जोरात असताना नदीचं पाणी समुद्राकडे धाव घेत असतं आणि त्यात पोहणं धोक्याचं असतं. जॅकेट अंगात घालून वरपर्यंत बांधायचं. बोटीत माणसं जास्त झाली असं वाटलं तर उतरायचं, पैसे गेले तरी चालतील. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि पर्यटकांचे जीव गेले. मेच्या अखेरीस समुद्र बदलायला लागतो. पाऊस सुरू व्हायच्या आधीच वारा आणि लाटा सांगतात की आता पुरे. त्या सुमारास जलक्रीडा आणि किल्ल्यावरची होडीसेवा बंद होते ती पावसाळा ओसरेपर्यंत. शेवटच्या आठवड्यात घाईने सगळं उरकायचा हट्ट धरू नये.

देवबागमध्ये राहिलात तर समुद्राच्या बाजूचे दगडी बंधारेही बघा. दर पावसाळ्यात लाटा ही पट्टी कुरतडतात. इथल्या लोकांना बंधाऱ्याची मागणी वर्षानुवर्षं करावी लागली आहे. ज्या खोलीच्या खिडकीतून आपण समुद्र बघतो, तिच्या मालकाला जुलैच्या रात्री झोप नसते.

पाण्याखालचं जग बघायचं असेल तर भांगाचे दिवस निवडावेत. अष्टमीच्या पुढेमागे प्रवाह मंद असतो, वाळू ढवळली जात नाही आणि पाणी निवळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत चांगला. माझ्या होडीचा तांडेल निघतानाच म्हणाला, “आज भांगाचा पाणी, तळ दिसतलो.” आणि दिसला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ आहेत. दर्या शांत असताना पाच-सहा मीटर खोलीवर उतरलं तरी त्यांच्या गाठी, त्यांच्या कपारीत शिरणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, खडक कुरतडत जाणारे पोपटमासे सगळं नीट दिसतं. पहिल्यांदा उतरणाऱ्याला आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायला शिकवतात, कानावरचा दाब कसा सोडवायचा ते सांगतात, दोन-चार खुणा शिकवतात. या शिकवणीत घाई करणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नये. ज्यांना हे नीट शिकायचं आहे त्यांच्यासाठी तारकर्लीतच महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे.

खाली गेल्यावर एक गोष्ट मला बघवत नाही. फोटोत मासे भोवती जमावेत म्हणून पाण्यात पाव सोडतात. प्रवाळांवरचं शेवाळ खाऊन त्यांना मोकळं ठेवणं हे या माशांचं काम. त्यांना पावाची सवय लागली की खडकावरचा सगळा मेळ बिघडतो. प्रवाळ हा जिवंत प्राण्यांचा समूह आहे. त्याच्यावर पाय ठेवला, नांगर पडला की वर्षानुवर्षांची वाढ एका क्षणात मोडते. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की तो पांढरा पडतो, ते आपल्या हातात नाही. पाव आणि पाय मात्र आपल्या हातात आहेत. हा भाग १९८७ सालापासून मालवण सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. मासेमारीवर बंधनं येतील म्हणून इथल्या मच्छीमारांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला. पोटाचा प्रश्न असलेल्यांना नियम सांगायचे आणि आपण गंमत म्हणून प्रवाळांवर उभं राहायचं, हे मला पटत नाही. “पाव नको” असं होडीत बसतानाच सांगितलं तर बहुतेक वाटाडे ऐकतात.

किल्ल्याबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी थोडकंच सांगते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याच्या बांधकामाला सुरुवात झाली आणि तो सुमारे तीन वर्षांत उभा राहिला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आत आहे आणि काही कुटुंबं अजून किल्ल्यात राहतात. सगळे शेवटच्या होडीची वेळ सांभाळत घाईने फिरतात. मी सांगेन, सकाळच्या पहिल्या होडीने जा आणि तटावरून सबंध फेरी मारा. तट सरळ कुठेच जात नाही, खडक वळेल तसा वळतो. बांधणाऱ्यांनी बेटाचा आकार किती बारकाईने पाहिला असेल ते पायांना समजतं.

कर्लीच्या पलीकडचा किनारा मला अलीकडच्यापेक्षा जास्त आवडतो. देवबागहून होडीने कोर्जाईला उतरायचं आणि तिथून भोगव्याला. भोगव्याची पुळण लांब, रुंद आणि पुष्कळशी मोकळी आहे. तिच्या उत्तरेच्या डोंगरावर चढलं की देवबागची सगळी पट्टी एका नजरेत येते, एका बाजूला हिरवी नदी, दुसऱ्या बाजूला निळा समुद्र, मध्ये माडांची रेघ. दक्षिणेला किल्ले निवतीचा डोंगर. गडाचे अवशेष थोडेच उरलेत, पण वरून दोन्हीकडच्या पुळणी दिसतात आणि खाली काळ्या खडकांवर पाणी फुटत असतं. हिवाळ्याच्या सकाळी इथून डॉल्फिन दिसतात. त्यांच्या मागे इंजिनं लावून होड्या पळवण्यापेक्षा डोंगरावर बसून वाट बघणं कितीतरी चांगलं. पाण्यावर पाठ उमटते, बुडते, पुन्हा थोडी पुढे उमटते, आणि कळप कुठल्या दिशेने मासे रेटतो आहे तेही वरूनच नीट समजतं.

निवतीच्या समोर समुद्रात दीपगृह असलेले खडक दिसतात, वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. लाळेने बांधलेली त्यांची घरटी परदेशात खाण्यासाठी महाग विकली जातात, म्हणून एकेकाळी ती चोरून नेली जात. निसर्गप्रेमींनी आणि वनखात्याने लक्ष घातल्यावर त्यांना संरक्षण मिळालं. तिथे उतरायचा हट्ट पाहुण्यांनी धरू नये. पाकोळ्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या आकाशात येतातच.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिलांचा बचत गट कांदळवनाची सफर चालवतो. होडी वल्हवतात त्या बायकाच आणि माहिती सांगतात त्याही बायकाच. घरातली माणसं मासेमारीवर जगणारी, त्यामुळे खाडीचा प्रत्येक वळसा त्यांना पाठ आहे. इथे मात्र वेळ भरतीची लागते. “भरती लागली काय आत जावया,” असं म्हणून त्यांनी मला धक्क्यावर थांबवलं, आणि पाणी चढल्यावर होडी चिंचोळ्या फाट्यांत शिरली. इंजिनाचा आवाज नसल्याने खंड्या दोन हातांवरच्या फांदीवर बसून राहिला. कांदळाच्या कमानीसारख्या मुळ्या, तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, झाडावर असतानाच रुजून लांब शेंगेसारखं झालेलं कांदळाचं बी, सगळं त्यांनी हाताने दाखवलं. कुठला मासा कुठल्या मुळांत पिल्लं वाढवतो हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा, कारण ती पिल्लं पुढे त्यांच्याच जाळ्यात यायची असतात. सबंध सहलीत इतकं मन लावून कुणी शिकवलं नाही.

वेंगुर्ल्याच्या उत्तरेला वायंगणीची पुळण आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्री इथे वाळू उकरून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. गावातली माणसं पहाटे माग काढून घरटं शोधतात. कुत्री, कोल्हे आणि उधाणाचं पाणी यांपासून वाचवण्यासाठी अंडी काळजीपूर्वक कुंपणाच्या आत हलवतात. साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळूच्या उबेवर नर की मादी ते ठरतं, म्हणून अंडी किती खोल पुरली यालाही महत्त्व आहे. पिल्लं सोडताना जायची संधी मिळाली तर दोरीच्या मागे उभं राहायचं, टॉर्च लावायचा नाही, पिल्लू उचलून समुद्राजवळ न्यायचा मोह आवरायचा. पुळणीवरची ती चाल त्यांना स्वतःच चालावी लागते.

शेवटचा मुक्काम शिरोड्याला करावा. वि. स. खांडेकरांनी १९२० सालापासून इथल्या शाळेत शिकवलं, आणि मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्या मिठागरांत अजून मीठ पिकतं. भरतीचं पाणी बांधातल्या दारांमधून आत घेतात, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवतात. उन्हाने ते घट्ट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यात खडे धरतात. फेब्रुवारी ते मे हे काम जोरात असतं. माणसं उघड्या पायांनी त्या तिखट पाण्यात उभी राहून फळ्यांनी मीठ ओढतात आणि बांधावर ढीग लावतात. ऊन खालून आणि वरून दोन्हीकडून लागतं.

शिरोड्याला येणारे बहुतेक जण वेळागरच्या पुळणीवर जातात, सुरूच्या सावलीत बसतात, सूर्यास्त बघून निघतात. वेळागर सुंदर आहे, तिथे जरूर जावं. पण तिथे जायच्या आधी चारच्या सुमारास मिठागराच्या बांधावर थांबावं, काम करणाऱ्यांना विचारून कडेकडेने चालावं आणि निघताना पिशवीभर जाडं मीठ विकत घ्यावं. कैरीच्या लोणच्याला आणि सुक्या मासळीला इथल्या घरांतून हेच मीठ वापरतात, आणि दुकानातल्या पुडीपेक्षा ते स्वस्तही मिळतं.